दर्याची बाजू

“एकदा डोळे मिटलेस की एकशे आठावं आवर्तन होईतो उघडायचे नाहीत, सुगंधा. बोलायचंही नाही. मधेच तोडलेली हाक देवापर्यंत पोचत नाही हो.”

आईचा तो मृदू, चंदनगंधी स्वर. आई जाऊन वीस वर्षं झाली. स्वर काही गेला नाही.

आणि आज त्या स्वराभोवती धुकं. पौषातलं, दुधाळ, दिशाहारी धुकं. काळ्या कातळकड्यांच्या खांद्यांवरून ओघळणारं, सुरूंचे शेंडे पुसून टाकणारं, वळणं गिळत गिळत पुढे सरकणारं. कड्याखाली दर्या होता, पण दिसत नव्हता. नुसता ऐकू येत होता. जडश्वास, जागा, व्याकुळ.

त्या धुक्यातून एक जुनी पांढरी गाडी दक्षिणेला निघाली होती. चालवत होता वामन. शेजारी त्याची बहीण सुगंधा. मांडीवर तुळशीची माळ, ओठांत स्तोत्र, पापण्या मिटलेल्या. खाडीकाठच्या दूर गावात त्यांची थोरली आक्का अंथरुणाला खिळली होती. तिच्याच आयुष्यासाठी ही आवर्तनं. तिनं निरोप धाडला होता : वामनाच्या तोंडून एकदा ‘घराक चल’ ऐकूदे, आणि माका ‘येतंय’ म्हणूदे.

अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या तेराव्याला आक्का उशिरा पोचली, आणि वामननं तिच्या तोंडावर दार लावलं. ते दार त्यानंतर रोज उघडत होतं, रोज मिटत होतं. आक्कासाठी मात्र ते मिटलेलंच राहिलं.

मणी सरत होते. लाटा सरत होत्या. सुगंधेच्या उजव्या कानाशी दर्या, डाव्या कानाशी डोंगराची ओली निःशब्दता.

गाडी थांबली.

“ताये, फाटो इलो. पाटी काय दिसना नाय. डावीकडे वळू की उजवीकडे?”

ओठ हलत राहिले. त्र्याण्णव झाली होती. पंधरा उरली होती. फक्त पंधरा.

“बोल गो! तुझ्या देवाक वाट ठावक आसात, माका नाय.” तो हसला. हसण्यात भीती होती. मग त्यानं उजवीकडे चाक वळवलं.

थोड्या वेळानं दर्या सुगंधेच्या डाव्या कानाशी आला.

तिला कळलं. त्या किनाऱ्यावर वाढलेल्या लेकीला कळणार नाही तर कुणाला? खाडीची वाट मागे राहिली, गाडी भूशिराच्या निर्जन टोकाकडे चालली. ओठांवर शब्द आला. आणि शब्दावर आईचा स्वर आला. शहाण्णव. सत्त्याण्णव. डाव्या कानाशी दर्या आक्रोशत होता, आणि ती मोजत होती, मोजत होती.

एकशे आठाव्याला तिनं डोळे उघडले. समोर रस्ता नव्हता. नुसतं पांढरं, अथांग, अनुत्तरित पांढरं.

“चुकलंय गो मी,” वामन म्हणाला.

“तू नाय रे. माका कळलेलां. दर्याची बाजू बदलली तेव्हाच कळलेलां.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि दृष्टी काढून घेतली. ते पाहणं तिला कुठल्याही शापापेक्षा जड झालं.

धुक्यात चाचपडत मागे फिरायला, पुन्हा फाटा शोधायला तीन तास गेले.

खाडीच्या गावात शेजारीण शेवंती उंबऱ्यातच उभी होती. “बारा वाजापर्यंत बोलत होती गो. ‘वामन इलो काय बघ’ म्हणान चार वेळा इचारल्यान. मगे जीभ जड झाली.”

आतल्या अर्धप्रकाशात आक्का होती. शंखासारखी पांढरी, शंखासारखी मूक. वामन गुडघ्यांवर बसला. अकरा वर्षं छातीत कुजलेले दोन शब्द त्यानं बाहेर काढले.

“आक्का, घराक चल.”

ओठ थरथरले. शब्द त्यांच्या काठाशी आला, लाटेसारखा फुटला, परतला. पुन्हा आला, पुन्हा परतला. फक्त डोळे भरून वाहिले.

भिंतीशी उभ्या सुगंधेला वाटलं, माझं मौन मी पुरं केलं खरं. पण ते पुरं झालं ते इथं, या ओठांवर.

वामन आक्काच्या कानाशी वाकला. “आजच नेतंय तुका. आजच.”

“ह्या धुक्यात?” शेवंती म्हणाली. “वाट दिसाची नाय रे, खुळ्या!”

पण तिनंच मग आक्काच्या कपाळी कुंकू रेखलं, माहेरी निघालेल्या लेकीची भरावी तशी तांदूळ-नारळानं ओटी भरली. वामननं बहिणीला दोन्ही हातांवर उचललं. केवढी हलकी झाली होती ती!

घाटी चढून गाडी सड्यावर, उघड्या कातळपठारावर आली आणि सांजधुक्यानं दिव्यांचा उजेडही पिऊन टाकला. सुगंधा खाली उतरली. चपला काढल्या. पांढरा पदर उजव्या हाती उंच धरला, आणि रस्त्याच्या कडेचा खडक पावलांनी चाचपत गाडीपुढे चालू लागली.

एक पाऊल. एक हाक : “ये रे, हयसून ये.” पुन्हा एक पाऊल.

पुढे तो पदर, ओला, उजळ, किंचित हलणारा. मागे मंद, विश्वासानं सरकणारी चाकं. आणि दोहोंवर हळूहळू, हळूहळू मिटत जाणारं धुकं.