ड्रायव्हरच्या दाराची पट्टी

आमच्या आईनं आयुष्यात सगळ्यात जास्त आठवण कोणाची काढली असेल, तर एका चोराची. माहेरच्यांची नाही, देवाधर्माची नाही, माझी तर नाहीच नाही.

चोरानं नेलं काय, तर गाडीच्या दारावरची क्रोमची पट्टी. गाडी बाबांची, क्रीम रंगाची फियाट. बाबा म्हणजे चंपत गुरुजी. त्यांच्या आईबापांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला आणि हे आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरच्या मराठी शाळेत मास्तर झाले. पुढे, आम्ही भावंडं त्याच शाळेत शिकून बाहेर पडल्यावर, त्यांनी जुनी का होईना, पण गाडी घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली. गाडी दारात लागली, तेव्हा बाबांपेक्षा आईच जास्त ताठ चालत होती. आणि मग थोड्याच दिवसांत ड्रायव्हरच्या दाराची पट्टी गायब झाली. बाकीच्या तीन दारांवर चकाकी, आणि नेमकं बाबा ज्या दारातून उतरत, ते बोडकं.

तेव्हापासून दर रविवारी आई गाडी पुसायची आणि त्या दाराशी आली की सुरू व्हायची. "ज्या मेल्यानं पट्टी नेली ना, त्याचे हात झडो!" बाबा ओसरीवर बसून पेपरचं पान उलटायचे.

माझा धाकटा भाऊ सुरज आदिलाबादला वीज खात्यात आहे. बाबा निवृत्त झाल्यावर गाडी बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. सुरजनं ती बाहेर काढली आणि वेड लागल्यासारखा तिच्या मागे लागला. पत्रा, इंजिन, गाद्या, सगळं झालं. नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तिथे गाडी उभी करायची आणि ड्रायव्हरच्या दारातून बाबांनी उतरायचं, एवढंच त्याला हवं होतं. पण पठ्ठ्याचा हट्ट असा, की प्रत्येक वस्तू मूळचीच पाहिजे. तीन पट्ट्यांना त्यानं नव्यानं क्रोम चढवून घेतला. चौथीसाठी नागपूर, नांदेड, निजामाबादचे भंगारवाले पालथे घातले. मी म्हटलं, "तू त्या दारासमोर उभा राहा ना, कोणाले दिसणार नाई." तो हसला नाही. माझ्या विनोदांना आमच्या घरात कोणी हसत नाही.

शेवटी हुबेहूब सामान बनवणारा एक माणूस कोइमतूरला सापडला आणि पट्टी आली. माझ्या डोळ्यांना तर सारखीच दिसत होती. सुरज मात्र "डुप्लिकेट" असं म्हणायचा, जणू तोंडात कारल्याची फोड आहे.

ती बसवायच्या दिवशी मी माहेरीच होते. नव्या रंगावर ओरखडा नको म्हणून सुरजनं दारावर कागदी टेप चिकटवली होती. पट्टी दाराला धरून ठेवतात त्या छोट्या क्लिपा. नव्या पट्टीबरोबर आलेल्या क्लिपा मात्र दाराच्या भोकांपेक्षा जाड निघाल्या. दाबल्या, फिरवल्या, तेल लावलं, बसेनात. घामाघूम होऊन सुरज म्हणाला, "भोकंच मोठी करतो," आणि त्यानं ड्रिल मशीन हातात घेतलं.

"थांब!" बाबा ओरडले.

बाबा ओरडलेले मी शाळेतसुद्धा ऐकले नव्हते, आणि मी त्यांच्याच वर्गात होते. ते तरातरा आत गेले आणि खडूची एक जुनी डबी घेऊन आले. "दाराले ड्रिल नको लावू. ह्या घे."

डबीत क्लिपा होत्या. मूळच्या, तेलात बुडवलेल्या, एकही वाकलेली नव्हती.

आई हातातलं फडकं खाली टाकून म्हणाली, "चोर क्लिपा ठेवून गेला होता व्हय?"

बाबा खुर्चीवर बसले. "शायेत फळ्यावर रेघ माराले पट्टी नोती. अर्ज केले, कोणी देईना. पोट्टे त्रिकोण काढत, तो भाकरीवानी दिसे. एक दिवस दारातून उतरताना या पट्टीवर हात पडला. इतकी सरळ वस्तू आपल्याकडं दुसरी नोती."

"अन मी इतके वर्स तुमच्याच हाताले शाप देऊन राह्यली होती? अन तुमी पेपर वाचत होते?"

"तुले सांगतलं असतं, तर तू शायेत येऊन घेऊन गेली असती."

"गेलीच असती!" आई म्हणाली आणि रागानं आत निघून गेली. पण जाताना तिनं बाबांच्या हातांकडे एकदा नीट बघून घेतलं, शाबूत आहेत ना म्हणून.

सुरजच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. मूळ पट्टी आहे! "उद्या जातो. नवी त्यायले देतो, जुनी आणतो. रेघच तर माराची हाय त्यायले."

बाबा एवढंच म्हणाले, "देल्ली वस्तू परत मागू नये." पण सकाळी पांढरा सदरा घालून तेही गाडीत येऊन बसले.

शाळेत आता पूनम मॅडम आहेत, बाबांच्याच विद्यार्थिनी. सरांना बघून त्या खुर्ची सोडून उभ्या राहिल्या, तसा सगळा वर्ग उभा राहिला. सुरजनं पट्टीचं विचारलं. मॅडम हसल्या आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "गाडी आना रे."

एका मुलीनं खिळ्याला टांगलेली पट्टी काढून आणली. त्या शाळेत तिला गाडीच म्हणतात, बाबांच्या काळापासून. मधोमध, जिथे हात धरतात तिथला क्रोम पार झिजून गेला होता. कडा मात्र तशाच सरळ. मुलीनं ती फळ्यावर टेकवली आणि एका दमात रेघ ओढली.

"आमीबी हिच्यावरच शिकलो," पूनम मॅडम म्हणाल्या. "सर म्हनत, गाडी सरळ चालवा, इकडंतिकडं पाहू नका. मी अजून तसंच म्हनते. न्याची हाय का भाऊ? सरांचीच हाय, न्या."

सुरजनं पट्टी हातात घेतली. झिजलेल्या जागेवर अंगठा फिरवला. त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली नवी पट्टी होती. कितीतरी महिने तो जिच्यासाठी वणवण फिरला ती हातात होती, आणि न्यायला कोणाची ना नव्हती.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "फक्त पाहाले आलो होतो."

त्यानं ती स्वतः खिळ्याला टांगली. खरं सांगते, आजवर भावाला मी खूप चिडवलं, पण त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, उगाच.

संध्याकाळी नवी पट्टी बसली, जुन्या क्लिपांवर. एकेक क्लिप टक टक करत आत गेली. शेवटची सुरजनं बाबांना दाबायला लावली. आईनं फडकं फिरवलं, त्या दाराशी आली, सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

नागपूरला गाडीभोवती माणसांची रीघ होती. परीक्षक बारीक नजरेचे निघाले. ड्रायव्हरच्या दाराशी वाकून म्हणाले, "ही पट्टी नवी आहे. मूळची कुठे आहे?"

सुरज काही बोलायच्या आत आई पुढे झाली. आतून बाबांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले. त्यांच्याकडे बोट दाखवून आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मूळची शायेत हाय. हे रिटायर झाले, ती अजून नोकरीवर हाय!"