फुकटचं जाकीट

भरतने सायकलवरून महाडला कामाला जायचं ठरवलं, तेव्हा गावातल्या कुत्र्यांखेरीज सगळ्यांना त्याने ते ऐकवलं. पेट्रोल वाचणार, पोट उतरणार, वेळेवर पोचणार. पहिली दोन कारणं लोकांसाठी होती, खरं कारण तिसरं. महाडच्या एका पतपेढीत तो सहा वर्षं हंगामी कारकून होता, आणि सोमवारच्या बैठकीत एका कारकुनाला कायम करणार होते. दहाच्या ठोक्याला जो खुर्चीत नसेल त्याचं नाव निघणार नाही, असं चेअरमनांनी बजावलं होतं. गावातून सुटणारी सहा आसनी रिक्षा तर बारा माणसं कोंबल्याशिवाय जागची हलत नसे.

सायकल उमरठच्या मेव्हण्याच्या माळ्यावरून आली. धूळ पुसण्याआधीच भरतने मोबाइलवर सायकलवाल्यांचे व्हिडिओ पाहून घेतले. हेल्मेट पाहिजे, चमकणारं जाकीट पाहिजे, दिवा पाहिजे. दुकानातल्या किमती ऐकल्यावर मात्र त्याला आपली जुनी म्हण आठवली: फुकट ते पौष्टिक.

कारखान्यात कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याकडून पिवळं हेल्मेट आलं. तेलाचा डबा कापून चिखल अडवायचा पत्रा झाला. आजोबांची बॅटरी जुन्या ट्यूबने हँडलला बांधली. आणि जाकीट? हायवेच्या ठेकेदाराची माणसं शेड सोडून गेली होती. तिथे खुंटीवर एक झगझगीत जाकीट लटकत होतं, पाठीवर चंदेरी पट्टे आणि छातीवर कंपनीचं चिन्ह. भरतने ते इतक्या आनंदाने उचललं की विचारू नका. कोल्हा काकडीला राजी.

"अहो, हे घालून तुम्ही रस्ता मोजायला निघालात असं वाटतंय," त्याची बायको अनुपमा म्हणाली.

"तुला सुरक्षेतलं काय कळतं?" भरत म्हणाला.

सोमवारी तो वेळेआधीच निघाला. श्रावण संपत आला होता, ऊन पडलं होतं, सायकल कुरकुरत का होईना पळत होती. हायवेच्या भरावाखालच्या वाडीपाशी आला आणि कुणीतरी ओरडलं, "आला रे! हायवेवाला आला!"

बघता बघता वीसेक माणसं रस्त्यावर आली. पुढे रंगूबाई होती, सत्तरीची, लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. रस्ता उंच केला तेव्हा पाण्याला रस्त्याखालून वाट, म्हणजे मोरी, ठेवायची राहून गेली, त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात वाडीत पाणी शिरत होतं. दोन वर्षं वाडी जाकीटवाल्या माणसाची वाट पाहत होती. तो आज सायकलवरून आपण होऊन हाती लागला होता.

"मोरी कवा बांधनार? आदी ते सांगा, मग फुडं जावा," रंगूबाईने हँडल धरलं.

"मावशी, मी पतपेढीतला कारकून आहे."

"आमाला येडं समजतास काय रे? मागचा बी असाच बोल्ला, मी नुसता ड्रायवर हाय!"

भरतने जाकीट काढून दाखवलं. लोक आणखी चिडले, कारण लपवाछपवी करणारा साहेब त्यांना चांगलाच ओळखीचा होता. त्याने घड्याळ पाहिलं. सहा वर्षं डोळ्यांपुढून गेली. मग त्याने जाकीट पुन्हा अंगात चढवलं, हेल्मेट नीट केलं, भरावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आठ दिवसांत काम सुरू होईल. वरती बोलणं झालंय."

आवाजसुद्धा कसा जड आला! लोक शांत झाले. तरण्या पोरांचा म्होरक्या दीपक पुढे आला. गणपतीला मुंबईकर यायच्या आत रस्ता अडवायचा, असं त्यांचं ठरलं होतं, कारण तेव्हाच वर ऐकू जातं. "येत्या गुरवारचा रस्ता रोको रद्द करतू मंग," तो म्हणाला, "साहेबांनी सबूद दिलाय." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रंगूबाईने पडवीतून एक जाड काकडी आणून कॅरिअरला बांधली.

भरत दहाला पाच मिनिटं असताना खुर्चीत बसला. दुपारी त्याचं नाव निघालं. संध्याकाळी पेढे घेऊन तो वाडी टाळून शेताच्या आडवाटेने घरी गेला. जाकिटाचं अनुपमाने पायपुसणं केलं.

आडवाटेवर चिखल फार, तरी तो रोज तिथूनच जाऊ लागला. गणपती बसले, मुंबईकरांच्या गाड्या भरावावरून वाजत गेल्या, पण रस्ता कुणी अडवला नाही. गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर मोठा पाऊस आला. दोन दिवस आडवाट बंद झाली, म्हणून भरतला हायवेनेच जावं लागलं. अंगात साधा शर्ट होता, डोक्यावर काही नव्हतं.

वाडीपाशी रंगूबाई घरातलं पाणी टोपाने बाहेर फेकत होती. भरतला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. पॅडल मारून निघून जावं म्हणून त्याने जोर लावला, तेवढ्यात तिने हाक मारली.

"अवो भाऊ, तुमी महाडला जातास ना? तिथं हायवेचा एक साहेब हाय, पिवळ्या टोपीचा, सायकलवर फिरतो. लय भला मानूस. दिसला तर सांगा, आठ दिस होऊन गेले. म्हनावं, आमी रस्ता नाय अडवला तुमच्या सबदावर. येलावरची शेवटची काकडी बी ठेवलीया त्याच्यासाठी."

भरतला वाटलं, मीच तो, असं सांगून टाकावं. मनगटावरच्या घड्याळाकडे त्याचं लक्ष गेलं. कायम झालेल्या माणसाला उशीर शोभत नाही.

"सांगतो, मावशी," तो म्हणाला. "वरती बोलतो."

या वेळी त्याला जाकिटाची गरज लागली नाही.