तापमानाच्या तक्त्यावरच्या दोन किल्ल्या

दुपारी पावणेतीनला दाराचं कुलूप बाहेरून फिरलं. रुग्णालयात नर्स असलेली सिस्टर घरात एकटीच भांडी विसळत होती. नवरा कामावर होता, मुलगी परीक्षेला गेली होती. घराला किल्ल्या तीनच. दोन त्या दोघांकडे आणि तिसरी समोर खुंटीला लटकत होती. तरी दार उघडलं.

आत आला तो धाकटा दीर. त्याचं चौकात किल्ल्या बनवायचं दुकान होतं. एरवी तो जिन्यातूनच वहिनीच्या चहाला नावं ठेवत यायचा. आज चपला काढून गप्प उभा राहिला. सिस्टरच्या हातातली ताटली सिंकमध्ये सुटली.

"भाऊजी, तुमच्याकडे किल्ली कशी?"

"तुम्हीच दिलीत, वहिनी. सोमवारी. मला आणि ग्रुपातल्या आणखी दोनशे बारा जणांना."

ग्रुप फोटोंचा होता. दर शनिवारी एक विषय मिळायचा आणि आठवडाभर ज्याने त्याने आपल्या रोजच्या जगण्यातला फोटो टाकायचा. सिस्टरनेच दिराला त्यात ओढलं होतं. या आठवड्याचा विषय होता 'रोज हातात असतं ते'. कुणी बसचा दांडा टाकला, कुणी खडू. सिस्टरने वॉर्डातल्या खिडकीशी रुग्णाच्या तापमानाचा एक कोरा तक्ता ठेवला आणि त्यावर किल्ल्या मांडल्या. हिरव्या चौकटी छान दिसत होत्या. सावली पडू नये म्हणून स्टुलावर चढून अगदी सरळ वरून फोटो काढला. किल्लीचा दातन् दात दिसत होता. आठवड्याचा सर्वोत्तम फोटो म्हणून तोच निवडला गेला.

दिराने शांतपणे सांगितलं. फोटो तिरका असता तर त्याला काही जमलं नसतं. पण तक्त्याची चौकट किती मिलिमीटरची असते हे ठरलेलं, त्यामुळे मोजपट्टी आयतीच मिळाली. पहिली किल्ली बिघडली, दुसरी लागली. जेवायच्या सुट्टीत झालं सगळं. वहिनी म्हणून फुकट, असंही तो म्हणाला, पण हसला नाही. मग त्याने विचारलं, शेजारची आखूड पितळी किल्ली कशाची?

सिस्टर स्टुलावर बसली.  ती किल्ली वॉर्डातल्या कपाटाची होती. त्यात तीव्र वेदनेवरची इंजेक्शनं असत, ज्यांचा एकेक नग नोंदवावा लागतो. नऊ वर्षं त्या कपाटाची जबाबदारी तिची होती. ड्यूटीवर हरवू नये म्हणून ती घराची किल्लीही वॉर्डाच्या किल्ल्यांच्या कडीत अडकवायची. तसं करायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम नव्या सिस्टरांना तीच शिकवायची.

तिने फोटो काढून टाकला. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, झालं गेलं, तोंड बंद ठेव, कुणाला कळणार आहे? कुणाला कळलं असेल, हेच तर तिला कळत नव्हतं. फोटो पाच दिवस लोकांच्या मोबाईलमध्ये होता.

साडेतीनला ती रुग्णालयात मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांच्या, खोलीत होती. एका दमात सगळं सांगून टाकलं. मेट्रननी हातातलं पेन ठेवलं. चष्मा लावून उठल्या, दोघी वॉर्डात गेल्या आणि कपाट उघडलं. नोंदवहीत अठ्ठावीस नग होते. सिस्टरला मोजता येईना, आकडा सारखा चुकत होता. शेवटी मेट्रननी स्वतः दोनदा मोजले. अठ्ठावीसच भरले.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," मेट्रन म्हणाल्या.

"हो."

"तसं मी अहवालात लिहीन. पण किल्ली आता तुमच्याकडे राहणार नाही."

सिस्टरने मान हलवली. ओरडा बसला असता तर बरं, असं तिला वाटलं.

पाचच्या सुमारास सुताराने नवं कुलूप बसवलं. मेट्रननी नवी किल्ली सिस्टरच्या हाताखालच्या नर्सला दिली आणि सही घेतली. ती बिचारी किल्ली मुठीत धरून उभी राहिली. कुणाकडे बघावं तेही तिला सुचेना. मग तिने किल्ली पट्ट्याला अडकवायला घेतली.

"तिथे नको," सिस्टर म्हणाली. "आतल्या खिशात ठेव. बाहेर दिसते."