‘नको’ दाबणारं बेट

सोल्वायने डावीकडचं तिसरं चिन्ह दाबलं, मग खालचा बाण, मग पुन्हा तिसरं चिन्ह, आणि फिरून जिथून निघाली होती तिथेच येऊन पोचली. पडद्यावर हिरवा बाण वर तोंड करून उभा होता. ‘अभिनंदन, तुमच्या वाचकांचा ओघ साडेबारा टक्क्यांनी वाढला आहे.’ ओघ म्हणे! त्याखाली आकडा होता नऊ. महिनाभरात नऊ माणसं.

जुन्या मोजणीत असली थेरं नव्हती. एक साधी यादी असायची, कुठलं पान किती जणांनी उघडलं एवढीच. सकाळी कॉफी ओतता ओतता बघून व्हायची. उन्हाळ्यात नगरपालिकेने ती काढून हे नवं आणलं, आणि त्यातली एक साधी गोष्ट शोधताना तिच्या नाकी नऊ आले. गोल होते, पट्ट्या होत्या, रंगीत नकाशे होते. यादी तेवढी नव्हती.

बेटावरच्या वाचनालयात तिची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांतली अर्धी तिने वाचनालयाच्या वेबसाइटवर बेटाचे आवाज गोळा करण्यात घालवली. दोनशे बारा म्हातारेकोतारे, बेटाच्या बोलीत, मासळी आणि हिमवादळं आणि एकमेकांच्या चहाड्या सांगणारे. त्यांतले निम्म्याहून जास्त आता चर्चमागे मातीत होते. नोव्हेंबरअखेर महिन्याला तीनशे माणसं दिसली नाहीत, तर नगरपालिकेची समिती ते पान बंद करणार होती. आवाज पलीकडच्या शहरातल्या कोठारात जाणार. ज्याला ऐकायचे त्याने अर्ज करायचा, वेळ ठरवून घ्यायची आणि बोटीने जाऊन ऐकायचे. बेटावरचे ऐकणारे कोण, तर जिना उतरतानाही धाप लागणारे.

शेवटी तिने नगरपालिकेतल्या माल्थेला फोनवर गाठलं. वेबसाइटी त्याच्याकडे होत्या. पोरगा तिशीचा, स्वभावाने भला. त्याने आपल्या पडद्यावर तेच पान उघडलं आणि पाच मिनिटांत तोही तिच्यासारखाच फिरून जागेवर आला. हे मलाही नीट कळत नाही, असं त्याने कबूल केलं, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

"थांब," तो एकदम म्हणाला. "इथे तळाला काहीतरी आहे. फिकट राखाडी अक्षरात. ‘ज्यांनी नोंद घेऊ दिली, तेवढेच मोजले आहेत.’"

"म्हणजे?"

"पान उघडलं की विचारतात ना, तुमची नोंद घेऊ का, हो की नको? नको म्हणणारा माणूस यात धरतच नाहीत. पण असे असतात तरी किती? सगळं गावच्या गाव थोडंच ‘नको’ दाबत बसलंय?"

सोल्वायने मान वर केली. समोरच्या भिंतीवर, वाचकांच्या संगणकाच्या बरोबर वर, तिच्याच ठळक अक्षरातला कागद डकवलेला होता: ‘काहीही विचारलं तरी “नको” दाबा.’ तिने कपाळाला हात लावला.

पाच हिवाळे दर गुरुवारी ती म्हाताऱ्यांचा संगणकाचा वर्ग घेत होती. त्याचं कारण आयविन. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस, जन्मभर बोटीचं सुकाणू धरलेला. एका भामट्याने बँकेच्या नावाने फोन करून त्याला गोड बोलून फसवलं, आणि त्या शरमेने आयविन दोन महिने घराबाहेर पडला नाही. दुकानात नाही, चर्चमध्ये नाही. तेव्हापासून सोल्वायने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: नको दाबा. कोणी हो दाबायला सांगितलं, तर समजा लबाड आहे. माझ्या नावाने सांगितलं तरी ऐकू नका. म्हातारे शब्दाचे पक्के. त्यांनी ते लेकी-सुनांनाही शिकवलं.

माल्थेला तिने हे सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "पण समितीपुढे मी हा पडदाच उघडणार. दुसरं काही ती बघत नाही. आणि जुनी मोजणी काढली, तेव्हा जुने आकडेही गेले. तू असं कर, लोकांनाच सांग ना हो दाबायला."

मंगळवारी तिने पत्र लिहिलं. चारदा खोडलं, पाचव्यांदा एकशे चाळीस जणांना पाठवलं. आपल्या वेबसाइटवर यापुढे कृपया ‘हो’ दाबा, बेटाचे आवाज वाचवायचे आहेत, तुमची सोल्वाय.

बुधवारी सकाळपासून फोन सुरू झाले. पहिलीच बाई अभिमानाने म्हणाली, तुझ्या नावाने कोणीतरी पत्र पाठवलंय, पण मी काही भुलले नाही हो. दुसऱ्याने तर भाषेवरूनच ओळखलं होतं, तू कधी इतकं गयावया करून लिहितेस? सोल्वाय सांगायला जायची, अहो ते मीच, तर पलीकडून हसू यायचं, आणि एकाने चक्क विचारलं, तू सोल्वायच बोलतेयस कशावरून? करायला गेली एक न् झालं भलतंच. दुपारी ती सहकारी दुकानात राईचा पाव आणायला गेली, तर दारावर कागद लावलेला: ‘सावधान! सोल्वायच्या नावाने खोटं पत्र.’ खाली सही आयविनची.

ती तशीच त्याच्याकडे गेली. एकट्या आयविनला त्याच्या वारलेल्या बायकोचा, गुद्रुनचा, आवाज काढून देता आला असता. पण बाकीच्या दोनशे अकरांचं काय, आणि त्यांना ऐकणाऱ्यांचं? आयविनने समजावलं तर गाव ऐकेल. तो कागद त्याने काढला तरच काही होणार होतं.

आयविनने कोरा सदरा घातला होता. टेबलावर मेणबत्ती लावलेली, कॉफी तयार, आणि तिचं पत्र छापून मधोमध ठेवलेलं, प्रत्येक संशयास्पद शब्दाखाली लाल रेघ. ही रेघ का, ती का, हे त्याने एकेक करून समजावलं. बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

"आयविन," ती म्हणाली, "हे पत्र..."

"मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. तुला त्रास झाला. पण बघ, या वेळी मला नाही फसवता आलं त्यांना." त्याने कप तिच्यापुढे सरकवला. "सकाळी दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं मी. तेव्हा घरात तोंड लपवून बसलो होतो. आज सांगितलं."

सोल्वायने पत्राची घडी केली. पुन्हा उलगडली. लाल रेघांवरून बोट फिरवलं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली.

मग त्याने नेहमीप्रमाणे टॅब्लेट उघडला. पान आलं, प्रश्न आला, आणि त्याच्या जाड बोटाने जरासुद्धा न अडखळता ‘नको’ दाबलं. गुद्रुन बोलू लागली. बर्फात बोट तीन दिवस अडकली होती आणि नवरा घरी येतो की नाही याचा घोर लागला होता; आल्यावर मेल्याचा पहिला शब्द काय, तर कॉफी आहे का. आयविन हसला. रोज हसत असावा तिथेच.

सोल्वायने टेबलाखाली आपला फोन उघडला. हिरवा बाण, अभिनंदन, आणि त्याखाली ‘या क्षणी ऐकणारे’. पुढे शून्य.

"आवाज थोडा वाढव," ती म्हणाली.