कलावतीनची शिखरं

हेमलताने दोन्ही आलेख खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. शिखरं जिथल्या तिथे! पहिल्या नमुन्यात शहपुऱ्याहून आणलेल्या मुळीचा अर्क होता. दुसऱ्यात मुळी नव्हतीच, नुसतं द्रावक होतं.

हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे इवलंसं चुंबक. मोठ्या चुंबकाच्या धाकात ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडल्या, की ते आपल्या सुराची लहर तेवढी उचलतं. आणि शेजारी कोण, यावर तो सूर ठरतो. रांझी वस्तीतला माणूस कोणत्या गल्लीतला हे बोलण्यावरून कळावं, तसंच. त्या सुरांचीच शिखरं कागदावर उमटतात. यंत्र खोटं बोलत नाही.

मुळी तिच्या मायच्या लेपातली. कारखान्यात कुणाचा हात भाजला, की सारी रांझी कलावतीबाईचा लेप मागायला यायची. म्हणून तर हेमलताने पीएचडीला हीच मुळी घेतली, अर्कातून तेलकट पदार्थ वेगळा काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘कलावतीन’. मायने गल्लीभर पेढे वाटले. बाजारात तुरी म्हणतात, ते हेच! तिच्या गाईड विनीता मॅडम तेवढ्या अडून बसल्या, “मुळी न घालता सगळं जसंच्या तसं कर.” हेमलताने तोंड वाकडं करून केलं होतं.

“काहून गं, अशी काहून बसली?” माय विचारत आली.

हेमलताची नजर फळीवरच्या अर्काच्या बरणीकडे गेली; अर्क ती घरीच काढायची. आत नळी सोडलेली होती. घरी रॉकेल काढतात तसा ती अर्क नळीने ओढून काढायची, म्हणजे तळचा गाळ हलत नसे. रॉकेलचा वास लागू नये म्हणून मायने अधारतालच्या बाजारातून मुद्दाम कोरी नळी आणली होती. मऊ, प्लास्टिकची.

“माय, या नळीचंच तेल सुटलं. कलावतीन म्हणजे नळी मऊ ठेवायचं तेल.”

कलावतीबाईने बरणीतली नळी उचलून पाहिली. “मी तर चांगली पाहून आणली होती बाई. सब बेकार गेलं?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मंग माह्या मुळीत काहीच नाही?”

हेमलताला रडू कोसळलं.

“मुळी तर अजून पाहिलीच नाही, माय. एवढी वर्षं मी नळीच पाहून राहिली होती.”