बेडकाचा कौल

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात मालवणजवळच्या आमच्या वाडीत देवाऐवजी बेडूक कौल देऊ लागला. सांज झाली की बाबली भगताच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसे. आत बेडूक कोंडून फडकं बांधलेल्या तांब्यावर करवंटी आपटून भगत ओरडे, "बोल रे झाडावरच्या म्हाराजा!" आतून टकटक आवाज आला तर दर्यावरचा माणूस जिवंत. बेडूक गप्प राहिला तर माणूस मेला. काय तर म्हणे न्याय!

मी शाळेतली बाई, एकटी राहणारी. शेजारच्या सत्यवतीचा नवरा लवू बोटीवर खलाशी. वर्षभर त्याची खबर नव्हती. तिला माहेरी धाडून घर मोकळं करायला टपलेला दीर गंगाराम एके सांजेला तिला कौल घ्यायला घेऊन गेला, तशी मीही मागोमाग गेले.

भगताने करवंटी आपटली. तांब्या गप्प. पुन्हा आपटली. गप्पच.

"लवू गेलो गो बाये," भगत डोळे मिटून म्हणाला. "काकणां फोड."

सत्यवती रडलीसुद्धा नाही. तिने मुकाट हात पुढे केला आणि गंगारामने दगड उचलला. मी गर्दीतून पुढे घुसले.

"थांब मेल्या!" मी तांब्याचं फडकं सोडलं. आत चांगली मोठी बेडकी बसली होती. "भगता, ही मादी. ही कशी ओरडेल? इतरांच्या वेळी बोलतो तो नर कुठे आहे?"

माझ्या मोरीत असली जोडी राहते. संध्याकाळी मला दुसरी सोबत आहे कुणाची? मादी थोराड, गळा सपाट. नर किरकोळ, त्याच्या गळ्याखाली सैल कातडी. ती फुगवून तो मादीला हाका मारतो. तिला घट्ट धरायला त्याच्या अंगठ्यावर खरखरीत गादीही असते.

दुसरा तांब्या भगताच्या पाठीमागेच निघाला. मी करवंटी वाजवली. आतून टकटक! फडकं काढून गळ्याचा फुगा सगळ्यांना दाखवला. ज्याला जसा कौल द्यायचा, त्याच्यापुढे तसा तांब्या! गंगाराम मागच्या मागे सटकला.

बाबांनो, कौल ऐकण्याआधी तांब्या उघडून बघा, एवढंच माझं सांगणं.

सत्यवती माझ्याबरोबर घरी आली. "बाई, मगे माझो घोव जितो आसा ना?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "ठाऊक नाही गं. भगतालाही नाही. बोटीच्या कचेरीत विचारू."

ती मोरीच्या दारात बसून राहिली. आत नर ओरडत होता, मादी भिंतीला चिकटून गप्प होती.

"गप आसा म्हणान मेली थोडीच?" सत्यवती हळूच म्हणाली, आणि काकणांचे हात तिने पदराखाली घेतले.