पंख शिवणारा राजपुत्र

तिने कात्रीने पार्सलची पट्टी कापली, वरची प्रत उचलली आणि आधी नाकाशी धरली. छापून आलेली तिची पहिली परीकथा. मग ती मधल्या मोठ्या चित्रापाशी आली आणि तिचा हात थांबला.

पंखांच्या घोड्यावर राजपुत्र ऐटीत बसला होता. खाली राजकन्या सुई हातात धरून त्याला निरोप देत होती.

तिने लिहिलं होतं ते नेमकं उलट. चोरीला गेलेला उजेड परत आणायला राजकन्या निघते, आणि तिच्या घोड्याचा फाटलेला पंख राजपुत्र शिवून देतो, बोटं रक्ताळेपर्यंत. तिने घाईघाईने मजकूर वाचला. शब्द तिचेच होते, फक्त 'तो' आणि 'ती' जागा बदलून बसले होते. अर्पणपत्रिकेचं पान कोरं होतं.

तिने संपादकबाईंना फोन लावला.

"हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

"अहो, तुम्हीच कळवलंत ना!" बाई गांगरल्या. "तुमच्या आईच्या ऑपरेशनच्या गडबडीत तुम्ही फोन उचलत नव्हतात, म्हणून शेवटचं विचारायला घरी केला. तुमचे मिस्टर म्हणाले, तिचा विचार बदललाय, दोघांच्या कामांची अदलाबदल करा. आणि अर्पणपत्रिका काढा. खरं सांगू? मला वाईटच वाटलं होतं."

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. बूट काढता काढता त्याला टेबलावरचं पुस्तक दिसलं आणि त्याची लेस हातातच राहिली.

"तू सांगितलंस त्यांना?"

तो नाही म्हणाला नाही.

"काय लिहिलं होतंस तू? 'माझ्या नवऱ्याला, ज्याला शिवताना पाहून हा राजपुत्र सुचला.' ऑफिसातल्या सगळ्यांची पोरं वाचणार ते. माझी किती टिंगल झाली असती, कळतंय का तुला?"

"आपल्या छोटीचे सगळे फ्रॉक तूच शिवतोस."

"घरात गं. घरात कोण बघतंय?"

तिने पुस्तक मिटलं. वरून हात फिरवला, धूळ नव्हती तरी.

"मला वाटलं होतं, वाचून तू खूश होशील."

"झालो होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण ते आपल्या दोघांतलं राहायला हवं होतं."

तिला यावर रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मग तो नेहमीसारखा स्वयंपाकघराकडे वळला.

"चहा टाकतो."

ती उठली, त्याच्या पुढे जाऊन गॅसपाशी उभी राहिली आणि त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. तो दारातच थबकला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

तिने पाणी ठेवलं, चहाचा डबा शोधायला दोन-तीन झाकणं उघडली.

"अहो," ती मागे न बघता म्हणाली, "तुम्हाला साखर किती घालायची?"